सुरुवातीची दोन मिनिटं

"थोडं पुढे सरका. माइकपासून वीतभर," ताई म्हणाल्या आणि गॅरेजमधल्या काउंटरवालीच्या तोंडासमोर वीत धरून त्यांनी अंतर दाखवलं.

श्रवण तपासणी केंद्रातली ती खोली म्हणजे एक मोठी पेटीच होती. भिंतींना जाड करडा फोम, एकच दिवा, आणि दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. काउंटरवाली खुर्चीवर बसली, उठली, खुर्ची पुढे ओढून पुन्हा बसली. पर्स आधी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली. हे सगळं करताना तिचं तोंड चालूच होतं. गॅरेजमधलं काहीतरी सांगत होती. अशा खोलीत आलेली माणसं एक तर मुकी होतात नाहीतर बडबडी, हे ताईंना नऊ वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

रेकॉर्डिंगचं बटण त्यांनी केव्हाच दाबलं होतं. आवाज किती मोठा घ्यायचा ते ठरवायला ही सुरुवातीची बडबड उपयोगी पडते. त्यांनी हेडफोन लावला, बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. काय ऐकत होत्या? आवाज. ना जाड ना बारीक. वाक्याच्या शेवटी जरासा खाली उतरणारा. हसू बोलण्यातच मिसळलेलं, हसायला वेगळं थांबावं लागत नव्हतं. असल्या साध्या आवाजात असं आहे तरी काय, याचा त्या शोध घेत होत्या. झडतीच घेत होत्या म्हणा ना.

"हं," त्या मधूनमधून म्हणत होत्या. "हं. हं."

मग त्यांनी वाक्यांचा कागद पुढे केला. चाळीस वाक्यं, सगळी एकाच साच्यातली. लाल खोलीत सात खुर्च्या. हिरव्या दारामागे चार शिड्या. काउंटरवालीने कागद दोन्ही हातांनी धरला.

"ताई, माझा आवाज चालेल ना पण? शाळेत मला कुणी कधी वाचायला उभं केलं नाही."

"चालेल. चांगला आहे," ताई म्हणाल्या.

काउंटरवाली मन लावून वाचत होती. एका वाक्यात अडखळली तेव्हा सॉरी म्हणाली आणि ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. बिचारीला कसलाच पत्ता नव्हता.

मत्सर ही काय चीज आहे ते ताईंना बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांना वाटायचं, आपल्याला तो लहानपणीच कांजिण्यांसारखा होऊन गेला असणार, आता काही पुन्हा होत नाही. झाला तो तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला. वेळसुद्धा लक्षात होती.

मिस्त्री, म्हणजे ताईंचे यजमान, त्या दिवशी चष्मा घरीच विसरले होते. तो द्यायला ताई गॅरेजमध्ये गेल्या. शेडमध्ये तीन गाड्या वर चढवलेल्या, कॉम्प्रेसर धडधडत होता, कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. मिस्त्री एका उघड्या बॉनेटमध्ये वाकले होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी चालू इंजिनावर टेकवलं होतं आणि लाकडी मूठ कानाला लावली होती. इंजिनाच्या पोटात कुठला भाग खुळखुळतोय, ते त्यांना असं कळायचं. मशीन लावून जे इतरांना सापडत नसे ते मिस्त्री मूठ कानाला लावून सांगत. गावभर त्यासाठी नाव होतं त्यांचं.

"अहो," ताई दोन हातांवरून म्हणाल्या.

काही नाही.

"अहो, चष्मा."

पुन्हा काही नाही. ताईंनी आणखी एकदा, जरा चढ्या सुरात हाक मारली. मिस्त्रींची पापणीसुद्धा हलली नाही. तेवढ्यात मागच्या काचेच्या खिडकीतून, आवाज न चढवता, काउंटरवाली काहीतरी बोलली. आणि मिस्त्रींची मान झटक्यात वर झाली. मान वर झाली एवढंच नाही, त्यांनी हात लांब करून इंजिनसुद्धा बंद केलं. मग वळून पाहतात तो समोर बायको.

"अरे, तू? कधी आलीस?"

"आत्ताच," ताई म्हणाल्या. चष्मा हातात ठेवला आणि घरी आल्या.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. बायकामंडळी नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधतात, फोन उघडून बघतात. ताईंचा धंदाच वेगळा. रोज दहा माणसांच्या कानात त्या बारीक बारीक सूर सोडायच्या आणि ऐकू आलं की हात वर करा म्हणायच्या. माणूस काय बोलतो यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. तो कशाला मान वर करतो, यावर होता.

घरी त्यांनी छोट्या छोट्या परीक्षा घेतल्या. मिस्त्री वर्तमानपत्र वाचत असताना त्या रोजच्याच सुरात म्हणाल्या, "दूध उतू जातंय, आणि मी घर सोडून चाललेय."

"हं," मिस्त्री म्हणाले आणि पान उलटलं.

तो 'हं' ताईंनी जपून ठेवला.

त्याच सुमाराला केंद्राची एक शाखा दुसऱ्या शहरात निघायची होती, दोनशे किलोमीटरवर. जायला तयार असेल त्याने शनिवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचा. ताईंनी फॉर्म घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी बोलल्या नाहीत. कुणाला सांगायचं? ऐकतंय कोण?

आणि मग, देवाने आणून द्यावं तसं, केंद्रातल्या डॉक्टरबाईंचं संशोधनाचं काम निघालं. गोंगाटात नोकरी करणारी, पण कान शाबूत असलेली दहा माणसं त्यांना तपासायची होती. दोन आवाज एकदम ऐकवायचे. सांगू त्याच आवाजाकडे लक्ष द्यायचं आणि त्याने कुठला रंग, कुठला आकडा म्हटला ते समोरच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवायचं. डोक्याला तारांची टोपी लावलेली असायची, त्यामुळे मेंदू कुठला आवाज उचलतोय आणि कुठला सोडून देतोय ते पडद्यावर दिसायचं. प्रत्येकासाठी तीन आवाज लागणार होते, एक घरातला, एक कामावरचा, एक अगदी परका.

"आमचे मिस्त्री येतील," ताई लगेच म्हणाल्या.

कामावरचा आवाज म्हणून गॅरेजचे मालक हौसेने यायला तयार होते. पंधरा वर्षांची त्यांची आणि मिस्त्रींची संगत. काउंटरवालीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. पण ताईंनी मालकांना कळवलं, तुमचा आवाज फार घोगरा पडतो, माइकला चालत नाही. असं कुठल्याही माइकला काही नसतं.

गुरुवारी मिस्त्री नखं घासून, धुतलेला शर्ट घालून केंद्रात आले. ताईंनी त्यांच्या डोक्याला टोपी बसवली, एकेका तारेखाली जेल भरलं. केस बरेच पिकलेत, हे त्यांनी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"डोक्यात काय चाललंय ते दिसतं म्हणे यात," मिस्त्री डॉक्टरबाईंना म्हणाले. "मग बायकोसमोर कशाला लावता?"

डॉक्टरबाई हसल्या. ताईंनी पट्टा जरा जास्तच आवळला.

आधी साधी कानाची तपासणी झाली. बारीकात बारीक सुराला मिस्त्रींचा हात वर गेला. डॉक्टरबाईंनी आलेख उचलून पाहिला. "कान ठणठणीत आहेत तुमचे. या धंद्यात एवढे चांगले कान मी पाहिले नाहीत."

म्हणजे ऐकू येत नाही हा प्रश्नच नव्हता. ताईंनी कागदावर तारीख घातली, आणि त्यांचं पेन कागदात रुतलं.

पहिल्या फेरीत ताईंच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं होतं, काउंटरवालीचा आवाज मध्ये लुडबुड करणार होता. हेडफोनमधून वाक्यं सुरू झाली तसे मिस्त्री हसले. "ही तर आमची काउंटरवाली." ताईंनी हसू टिपून घेतलं, त्यासाठी नोंदीच्या कागदावर रकाना नव्हता तरी. चाळीसपैकी चौतीस बरोबर आली.

दुसऱ्या फेरीत उलट. काउंटरवालीकडे लक्ष, ताईंकडे दुर्लक्ष. ताई पडद्याकडे बघत राहिल्या. काउंटरवालीच्या आवाजाची रेघ वर उभी होती, आणि खालची रेघ, जी ताईंची होती, ती जवळजवळ सपाट पडली होती. जणू तिथे कुणी बोलतच नव्हतं. मिस्त्रींचं बोट तक्त्यावर अडखळत नव्हतं. लाल, सात. हिरवा, चार. सदतीस बरोबर.

चौतीस आणि सदतीस. ताईंनी दोन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले.

मग चहाची सुट्टी झाली. डॉक्टरबाई मिस्त्रींना विचारत होत्या, इंजिनातला बिघाड नुसत्या कानाने कसा कळतो. मिस्त्री सांगत होते, "त्यात काय. चांगला भाग ऐकूच येत नाही. जो बिघडलाय तेवढाच ऐकू येतो." ताई कप घेऊन बाहेरच्या बाकावर गेल्या. पर्समधून फॉर्म काढला, मांडीवर फाइल घेऊन तिच्यावर ठेवला आणि सही केली.  रडू आलं नाही, नुसता जळफळाट झाला. अठरा वर्षं ज्याला हाका मारल्या त्याच्या डोक्यात आपली एक सपाट रेघ, आणि कालच्या पोरीची एवढी उंच.

तिसरी फेरी ताईंना नकोच होती, पण डॉक्टरबाईंनी घेतलीच. लक्ष पुन्हा काउंटरवालीकडे द्यायचं, पण मध्ये बोलणार होती एक परकी बाई, जिला मिस्त्रींनी कधी पाहिलं नव्हतं. आणि इथे मिस्त्री गडबडले. बोट तक्त्यावर फिरत राहिलं, पुढे गेलं, मागे आलं. कपाळाला घाम आला. चाळीसपैकी एकवीस.

"असं कसं?" ताईंनी विचारलं. मिस्त्री तेव्हा डोकं धुवायला गेले होते. "तीच काउंटरवाली आहे. मघाशी सदतीस आली."

"मघाशी मध्ये तुम्ही होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज पकडणं अर्धंच काम झालं, ताई. दुसरा आवाज बाजूला ठेवता आला पाहिजे. परका आवाज बाजूला ठेवता येत नाही, कारण तो पुढे कुठे वळेल ते मेंदूला माहीत नसतं. तुमचा त्यांना पाठ आहे. चालू असतो, माहीत असतो, म्हणून सोडून देता येतो."

"म्हणजे मला बाजूला ठेवणं सोपं जातं."

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. "तसंही म्हणता येईल. पण त्याला अठरा वर्षं लागतात."

ताईंना यात समाधान वाटलं नाही. पाठ झालेली बाई. परीक्षा झाली की माणूस पुस्तक माळ्यावर टाकतो, तेही पाठच असतं. वाटेत मिस्त्रींनी विचारलं, "कशी झाली आमची परीक्षा?" ताई म्हणाल्या, "चांगली." मिस्त्री म्हणाले, "हं."

शनिवारी फॉर्म पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. दुपारी ताई आपल्या टेबलावर बसल्या. सही केलेला फॉर्म कोपराखाली होता, आणि जाण्याआधी एकच काम हातावेगळं करायचं होतं. सगळ्या रेकॉर्डिंगमधली सुरुवातीची बडबड कापून, नुसती वाक्यं ठेवून फाइली जमा करायच्या होत्या. काउंटरवालीची फाइल त्यांनी शेवटी ठेवली होती. तो आवाज पुन्हा कानात घालायची त्यांची इच्छा नव्हती. पण पहिलं वाक्य नेमकं कुठे सुरू होतं ते ऐकल्याशिवाय कापणार कसं? त्यांनी हेडफोन लावला.

खुर्ची ओढल्याचा आवाज. पर्सच्या साखळीचा आवाज. मग काउंटरवाली.

"...मिस्त्रींना हाक मारायची म्हणजे घसा कोरडा पडतो, ताई. तीनदा मारली तरी मान वर नाही. मालकांनासुद्धा तसंच. मालक तर जाऊन पाठीवर थाप मारतात. मला ते बरं नाही दिसत. मग मी आपली एक युक्ती काढली."

"हं," हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

"मी म्हणते, 'मिस्त्री, घरून फोन.' बास. जोरात म्हणावं लागतच नाही. लगेच इंजिन बंद. इथे येऊन बघतात तर फोनबिन काही नाही, गिऱ्हाईक उभं. रागावतात माझ्यावर. पण पुढच्या वेळी पुन्हा तसंच, पुन्हा बंद करतात. आठवड्यातून दोनदा तरी फसतात."

"हं."

"तुम्ही त्या दिवशी चष्मा घेऊन आलात ना, तेव्हा मला इतकं हसू आलं. तुम्ही हाका मारताय, ह्यांना पत्ता नाही. मग मी म्हटलं, 'मिस्त्री, घरून आल्यात.' पहिल्यांदाच खरं बोलले मी त्यांच्याशी."

"हं. हं."

"सुरू करायचं का, ताई?"

ताईंनी फाइल थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली.

त्या या पोरीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. कानाला हेडफोन होता, तोही केंद्रातला सगळ्यात चांगला. आणि शब्द न् शब्द त्यांना तोंडावर सांगितला गेला होता. त्यांना त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. आवाजाचा उतार आठवत होता, हसू कुठे मिसळलंय ते आठवत होतं. गॅरेजमध्येही तेच. काचेमागून कुणीतरी चार शब्द बोललं होतं, त्यातला सूर तेवढा त्यांनी घरी नेला होता आणि शब्द तिथेच राहिले होते.

आणि तो 'हं'. ताईंनी तिसऱ्यांदा लावून ऐकला. कापून मिस्त्रींच्या तोंडात घातला असता तर कुणाला फरक कळला नसता.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. कारकून दारातून डोकावून म्हणाला, "ताई, फॉर्म असेल तर द्या, पाकीट बंद करतोय." ताई म्हणाल्या, "पाचपर्यंत वेळ आहे ना?" तो गेला.

त्यांनी गॅरेजचा नंबर फिरवला. मिस्त्रींचा मोबाइल काउंटरच्या खणातच पडलेला असायचा, वाजला तरी त्यांना कळायचं नाही म्हणून. त्यामुळे घरचा फोन काउंटरवरच जायचा. गेली काही वर्षं ताईंनी तो केलाच नव्हता. ऐकणार नाहीत, मग कशाला करा.

"हॅलो," काउंटरवाली म्हणाली. मागे सगळं गॅरेज धडधडत होतं.

"मी बोलतेय. मिस्त्रींची..."

"ताई! थांबा हं, देते." आणि मग, फोन जरा लांब धरून, "मिस्त्री."

हातोडी. कॉम्प्रेसर. एक इंजिन, अडखळत चालणारं.

"मिस्त्री. ओ मिस्त्री."

काही नाही. ताईंनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. अठरा वर्षांत त्यांनी एवढं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

"मिस्त्री," काउंटरवाली म्हणाली, आवाज न चढवता. "घरून फोन."

अडखळणारं इंजिन बंद झालं.

पावलं जवळ आली. मिस्त्री काउंटरवालीला म्हणत होते, "आज पण खोटं असेल तर बघ." मग खरखर झाली, ग्रीसच्या हातात रिसीव्हर घेतल्यासारखी.

"कोण? तू आहेस? काय झालं?"

ताईंच्या कोपराखाली फॉर्म होता. काही नाही, सहज केला, असं म्हणून फोन ठेवता आला असता.

"एक फॉर्म भरलाय मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. पाच वाजायच्या आत द्यायचाय."

"कसला फॉर्म? काय म्हणालीस?"

त्या पुन्हा सांगायला लागल्या, आणि मिस्त्रींनी मध्येच थांबवलं. ते फोनपासून तोंड फिरवून मागे ओरडत होते.

"ए, तो कॉम्प्रेसर बंद करा. हातोडी थांबवा रे जरा. सगळं बंद करा."

एकेक करून सगळं थांबलं. फोनमध्ये एवढी शांतता झाली की ताईंना मिस्त्रींचा श्वास ऐकू आला.

"हां," मिस्त्री म्हणाले. "आता बोल."